मधोमध नको

तेजस गांगुर्डे यायच्या आधी
त्याच्या डिकीचं झाकण येतं.
पत्रा, नंबर प्लेट, मागची काच,
गाण्याखेरीज सगळं वाजत असतं.
मला गाणं तसंही कमीच पोचतं.
अंबडला बावीस वर्षं पॉवर प्रेसवर होतो,
वरचे सूर तिथेच पत्र्यासोबत कापले गेले.
उरला तो तळ.
तो मी तळहाताने ऐकतो.

जुनं खोकं त्याने फरशीवर आदळलं.
भुशाच्या फळीचं, स्क्रूभोवती
चहात बुडवलेल्या बिस्किटासारखं सुटलेलं.
"काका, बारा इंची आहे. या वेळी दणकट."

वडाळा नाक्याला शब्बीरभाईंच्या वखारीत
फळ्या भिंतीला टेकून ताटकळलेल्या.
मी एका हाताच्या पेरांनी ठोकत जातो,
दुसरा हात मागून टेकवतो.
मरीन म्हणून ठेवलेल्या प्लायमध्ये
एका जागी पोकळी बोलली.
वर शिक्का ठसठशीत, आत एक थर गायब.
शब्बीरभाई म्हणाले, "तुम्हाला बहिरं कोण म्हणतं?"
म्हटलं, बायको.

शेवटी एमडीएफ घेतला, अठरा एमएम.
जड, मठ्ठ, रेषा नाही की गाठ नाही.
पाणी लागलं तर फुगतो,
पण डिकीत पाणी कुठलं?
तेजस मान खाजवत म्हणाला,
"मळ्यातली कोथिंबीर असते की. ओली."
मग सीलरचे दोन हात वाढवले,
कडांना तीन.
पुढची फळी दुहेरी, कारण सगळा धक्का तीच खाते.

आत आडवी पट्टी लागते हे त्याला ठाऊक होतं.
पेन्सिल घेऊन त्याने फळीच्या बरोब्बर मधोमध
रेघ मारली, वर पट्टीने मोजूनही बघितली.
मी ती थुंकी लावून पुसली
आणि चार बोटं डावीकडे सरकवली.
मधोमध टेकू दिला
की दोन्हीकडचे तुकडे जुळे होतात,
एकाच सुरात थरथरतात, एकमेकांना चढवतात.
असमान ठेव. दिसायला वेडंवाकडं असू दे.
मोठा एक म्हणेल, धाकटा दुसरंच,
जमणार नाही त्यांचं,
आणि तेच बरं.

कंपनीत टाळेबंदी झाली तेव्हा
मी दोन युनियनच्या बरोब्बर मधोमध उभा होतो.
पुढे काय झालं
ते या गाळ्याच्या भाडेपावतीवर लिहिलंय.

दुसरा ब्रेस खिडकीच्या चौकटीसारखा कापला.
हवेला अडवायचं नाही,
भिंतींना फक्त एकमेकींचा हात द्यायचा.
लाकडाने खाल्लेली जागा मापात परत द्यावी लागते,
स्पीकरच्या चुंबकाचीसुद्धा.
म्हणून खोकं पाऊण इंच खोल झालं
आणि तेजसची स्टेपनी काढायची वाट अरुंद.

निफाडला पारा चारवर उतरलेला,
इथे सातपूरला गोंद आळसावला.
रात्रभर शिकंजे आवळून ठेवले.
सांध्यांवरून बोटाने सिलिकॉन फिरवलं.
त्याचा आंबूस वास गेल्याशिवाय
स्पीकर बसवू नये, रबराला बाधतो.
"दोन दिवस थांब."
तो दीड दिवसाने आला.
खोक्यात नाक खुपसलं मी, आणि त्याला परत पाठवला.

तिसऱ्या दिवशी वाजवून पाहिलं.
उदबत्ती सांध्याजवळ धरली, धूर सरळ राहिला.
तळहात खोक्यावर ठेवला.
काही नाही. भिंत जशी असते तशी.
ज्याच्या पोटात एवढा कल्लोळ
ते स्वतः मुकं.
आणि माझ्या बरगड्यांत मात्र
पहिल्या पाळीचा प्रेस
ठोका धरून सुरू झालेला,
तेल, गरम पत्रा, हातमोज्यांचा वास, सगळ्यासकट.
मी हात उचलायला जरा उशीर केला.

तेजस गाडीमागे वाकून म्हणाला,
"काका, नंबर प्लेट अजून वाजतेय."
असेल.
मला काही ऐकू आली नाही.